पत्ता चुकलेली कळ

पंचफुला किंचाळली तेव्हा वसाहतीच्या स्वयंपाकघरात टाळ्या वाजल्या.

घडलं ते अगदी साधं होतं. वरणाच्या मोठ्या पातेल्यावरचं झाकण तिनं सरकवलं आणि वाफेचा भपकारा तिच्या उजव्या हातावर, मनगटाच्या जरा वर बसला. असे भपकारे तिनं आयुष्यभर खाल्ले होते. झाकण बाजूला ठेवायचं, पदराला हात पुसायचा आणि पुढच्या कामाला लागायचं, एवढंच तिला ठाऊक. त्या दिवशी मात्र तिच्या तोंडून "आई गंऽ" निघालं, झाकण सुटून फरशीवर घणघणलं, आणि भाकरी थापणाऱ्या, कांदे चिरणाऱ्या बायका हातातलं टाकून तिच्याभोवती गोळा झाल्या. भाजलेल्या माणसासाठी आधी पाणी आणायचं असतं, पण ते कुणालाच सुचलं नाही.

"दुखलं का वं?" म्हाताऱ्या सोनाबाईनं विचारलं.

पंचफुला आपल्या हाताकडे पाहत राहिली. हात लाल झाला होता. लाल झालेले हात तिनं पुष्कळ पाहिले होते, पण त्या लाल रंगाच्या आत आज कुणीतरी होतं.

"दुखलं," ती म्हणाली. "लय दुखलं, बाई."

मग टाळ्या. सोनाबाईनं तर बोटं झिजलेल्या आपल्या दोन्ही हातांनी वाजवल्या. "कसं असते वं ते?" तिनं जवळ सरकून विचारलं. "मी तं विसरूनच गेली."

पंचफुलाला सांगता येईना. "आतून कोनी हाक मारल्यावानी," असं काहीतरी ती बोलली आणि रडू लागली. ते रडणं भाजल्याचं होतं की आनंदाचं, हे तिचं तिलाही कळलं नाही.

आता हे सगळं चमत्कारिक वाटत असेल, तर जांभुळझरीची हकीकत सांगायला हवी. चंद्रपूरच्या पुढे, जंगलाच्या कडेला असलेली ही वसाहत कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांची. 'बऱ्या झालेल्या' हे शब्द जरा जपूनच वापरायचे. गोळ्यांनी जंतू मारले, ते काम चोख झालं, त्यालाही आता किती वर्षं लोटली. नवे रोगी येणं तर कधीचंच थांबलं होतं. पण जंतू जाताना नसा घेऊन गेले होते. हातापायाला लागलं, भाजलं, टोचलं तरी माणसाला पत्ताच नसे. पाहुणे येत आणि म्हणत, दुखतच नाही म्हणजे केवढं सुख! मग पंचफुलाचा नवरा तुळशीराम आपला डावा पाय पुढे करी. त्याची दोन बोटं नव्हती. "चपलेतून काटा घुसला होता जी," तो सांगे. "मी दिवसभर गाणं म्हनत रोपाइले पानी घालून रायलो. काटा त्याचं काम करे, मी माहं." यावर हसावं की नाही, हे पाहुण्यांना ठरवता येत नसे.

म्हणून वसाहतीत रोज दिवेलागणीला 'पाहणी' होई. पाय बादलीत भिजवायचे, जाड झालेली कातडी खरबरीत दगडानं घासायची, तेल लावायचं, आणि तळवे उजेडात धरून बोट न् बोट पाहायचं. कुठं फोड, कुठं चीर, कुठं नुसतीच लाली. स्वतःचं स्वतःला नीट दिसत नाही, म्हणून एकानं दुसऱ्याचं पाहायचं. पंचफुला आणि तुळशीराम दोघंही घरच्यांनी इथं आणून सोडलेले, तरुण, कुणाशी न बोलणारे. वडीलधाऱ्यांनी त्यांना एकमेकांच्या पाहणीला बसवलं. वर्षभर एकमेकांचे तळवे पाहून झाल्यावर लग्न न करण्यासारखं काही कारण उरलं नाही.

नागपूरच्या डॉक्टर शर्वरी पांढरीपांडे पहिल्यांदा आल्या त्या अशाच एका दिवेलागणीला, वाफेच्या त्या दिवसाच्या बरेच महिने आधी. नसांच्या विकारांवर काम करणाऱ्या, बोलायला मोकळ्या. खाटेवर मांडी घालून त्यांनी नव्या औषधाची गोष्ट सांगितली.

"नस म्हणजे बारीक तंतूंची मोळी," त्या म्हणाल्या. "त्यातले सगळ्यात बारीक तंतू दुखणं आणि ऊन-गार कळवतात. प्रत्येक तंतूला आवरण असतं, जिवंत पेशींचं. तुमचा तो जंतू नेमका त्या आवरणात घुसायचा. आणि तिथं तो एक चलाखी करायचा. मोठ्या झालेल्या पेशीला तो पुन्हा लहान करायचा, अगदी गर्भात असते तशी. लहान पेशी एका जागी बसत नाही, हिंडते. तिच्याबरोबर हा फुकटात गावभर."

"हलकट!" तुळशीराम मनापासून म्हणाला.

"हलकट खराच. पण ही चलाखी दुसऱ्या कुणालाच येत नाही. आम्ही जंतू फेकून दिला आणि पेशीला लहान करणारं त्याचं प्रथिन तेवढं ठेवून घेतलं. लहान पेशीला एक गोष्ट येते, जी मोठी झाल्यावर ती विसरते. तुटलेल्या तंतूला नवी फूट आली, तर तिला ती वाट दाखवते. कोपराशी इंजेक्शन द्यायचं. तंतू दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर सरकतो. बोटांच्या टोकाला पोचायला वर्षाच्या वर जाईल."

"म्हंजे चोराचीच चावी घेऊन आपलं घर उघडाचं," तुळशीराम म्हणाला, आणि डॉक्टर इतक्या खूश झाल्या की पुढे नागपुरात त्यांनी हे वाक्य आपलं म्हणून खपवलं.

चाचण्या झाल्या. तुळशीरामच्या नसांमधल्या वाटा जुन्या व्रणांनी बुजून गेल्या होत्या, हातांच्याही आणि पायांच्याही. पंचफुलाच्या पायांचं तेच, पण हातांच्या वाटा मोकळ्या निघाल्या. इंजेक्शन तिला एकटीलाच मिळालं, दोन्ही कोपरांशी. तुळशीरामनं ते हसून घेतलं. "घरात एकाले दुखलं तरी पुरे," तो म्हणाला आणि वसाहतीच्या रोपांच्या नर्सरीत, आपल्या कामावर निघून गेला. त्या संध्याकाळी त्यानं तिची पाहणी नेहमीपेक्षा सावकाश केली.

वाफेच्या दिवसानंतर काही काळ पंचफुला वसाहतीत मिरवत होती. चिमटा काढून पाहू दे, असं कुणीही म्हणावं आणि तिनं हात पुढे करावा. मग तंतू मनगट ओलांडून तळहातात शिरले, आणि मिरवणं संपलं.

आधी मुंग्या आल्या, मग झटके, मग आग. हात चुलीत धरून ठेवलाय आणि बाहेर काढता येत नाही, अशी आग. चादरीचा काठ लागला तरी ती दचकून उठे. भर दुपारी ती ओसरीवर हात हवेत धरून बसायची, कारण हवेपेक्षा मऊ काही मिळत नव्हतं. तुळशीराम समोर बसे. तिच्या हातावर ना फोड, ना लाली. पाहणीत त्याला काही सापडत नव्हतं, आणि जिथं काही दिसत नाही तिथं काही असतं, हे त्याच्या हिशेबात कधी नव्हतंच.

डॉक्टर आल्या तेव्हा तो त्यांच्यावर उखडला. "एवढाल्या औषधी हाय तुमच्या कपाटात! एक बी देता येत नाही काय जी?"

"सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "भाजलं, मुरगळलं, की त्या जागी शरीर एक रसायन तयार करतं, ते नसेला चेतवतं. आपली साधी गोळी ते रसायन तयार होऊ देत नाही. पंचफुलाबाईंना ती दिलीच आहे, पण इथं जखमच नाही, तर गोळी अडवणार काय? इथं तारच बोलते आहे. मग अफूच्या जातीची औषधं. ती तारेला हात लावत नाहीत, वर मणक्यात आणि मेंदूत दार लोटून घेतात, की हाक ऐकूच येऊ नये. पण या वर्षात मेंदूनं ती हाक ऐकायलाच हवी, नाहीतर नवी नस कुठून आली हे तो शिकणार नाही. शिवाय त्या औषधांची सवय लागते."

"अन् तिसरं?" पंचफुलानं विचारलं. तिसरं असणार, हे तिनं डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून ओळखलं होतं.

डॉक्टरांनी पर्समधून गोळ्यांचं एक पाकीट काढलं. "ही नसेलाच गप्प करते. आठवड्याभरात आग थांबेल. पण वाढणारा तंतू स्वतःच्या ठिणग्यांवर वाढतो. ठिणगी विझली की टोक सुकतं, आणि हे इंजेक्शन शरीर दुसऱ्यांदा मानत नाही. गोळ्या ठेवून जाते. तुम्ही घेतल्यात तर मी रागावणार नाही. एवढं सोसा असं म्हणायचा मला हक्क नाही."

त्या गेल्यावर तुळशीराम रोज एकच टकळी लावी. "घेऊन टाक ना वं. इतकी वर्सं दुखलं नाही तं काय अडलं?"

"माहे हात अडले," पंचफुला म्हणे. "माह्या हातात लेकरू कोनी ठेवत नव्हतं. गरम असते म्हने लेकराचं डोकं. मले नाही ठाऊक."

असं म्हणून ती पुन्हा दात आवळून बसे. पाकीट फळीवर होतं, आणि फळीकडे न पाहता दिवस काढायचा हेच तिचं मुख्य काम होऊन बसलं.

थंडी सरत आली तसे तंतू बोटांत उतरले. आग थोडी उतरली आणि पंचफुला स्वयंपाकघरात परतली. भाकरी शेकताना एकदा उजव्या करंगळीत जोराची कळ आली. वाढीची असणार, नेहमीचीच, असं म्हणून तिनं दुर्लक्ष केलं आणि भाकरी उलटत राहिली. कळ वाढली तशी तिनं करंगळीला मनातल्या मनात दोन शिव्याही दिल्या. सोनाबाईला वास आला तेव्हा पंचफुलाचा अंगठा तव्याच्या काठाला टेकलेला होता. कातडी पांढरी पडली होती.

संध्याकाळी ती फळीवरचं पाकीट घेऊन ओसरीवर आली. "पानी आना," तिनं तुळशीरामला सांगितलं. आवाज अगदी सपाट होता. "भाजते आंगठा अन् दुखते करंगळी. अशा खोटारड्या कळेसाठी मी इतके म्हयने जळली! नसती आली तं तुमी पाहतच होते माहे हात. आना पानी."

जे ऐकायला तो इतके दिवस आसुसला होता, तेच ती म्हणत होती. तुळशीराम पाणी घेऊन आला. तांब्या तिच्यासमोर ठेवायच्या ऐवजी तो हातात धरूनच बसला.

"कळ कवा आली?" त्यानं विचारलं.

"आंगठा टेकला असन तवाच."

"जोरात?"

"जोरात नाही तं काय!"

"म्हंजे आली टायमावर, अन् वरडली बी," तुळशीराम म्हणाला. "पत्ता तेवढा चुकली. नवी नवरी घरात आली का पह्यल्या दिवशी मिठाच्या जागी साखर टाकतेच. तिले कोनी हाकलून देते का? दाखवा लागते, बाई, हे मीठ, हे साखर." मग त्यानं तांब्या खाली ठेवला. "एक गोष्ट सांगू? मी तुले गोळी घे म्हनून रायलो होतो ते सारं तुह्यासाठीच नाही. तुह्या हाताले सारं कळाया लागलं तं माह्या पाहनीचं काय काम, असं मले वाटे. लाज वाटते सांगाले. पन वाटे."

पंचफुलानं त्याच्याकडे पाहिलं. तिला राग यायला हवा होता, आणि आला तो फार तर चिमूटभर. "येडे हा तुमी," ती म्हणाली, आणि पाकीट त्याच्या मांडीवर टाकलं. "शिकवा मंग."

डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी दुजोरा दिला. अंगठ्याकडे निघालेले काही तंतू करंगळीच्या जुन्या वाटेत शिरतात, काही उलटे. ते परत काढता येत नाहीत, पण मेंदूतला नकाशा पुसून नवा काढता येतो. डोळ्यांनी पाहायचं, त्याच वेळी स्पर्श ओळखायचा, हेच पुन्हा पुन्हा. दुसरं औषध नाही, असं त्या म्हणाल्या.

मग रोजच्या पाहणीच्या वेळी शाळा भरू लागली. पंचफुलानं डोळे मिटायचे. तुळशीरामनं खराट्याची काडी तिच्या एखाद्या बोटाला टोचायची. "कोनतं?" "मधलं." "उघड डोये." काडी अंगठ्यावर असायची. तिनं पाहायचं, त्यानं पुन्हा तिथंच टोचायचं आणि तिनं मोठ्यानं म्हणायचं, "आंगठा." मास्तर म्हणून तुळशीराम भलताच कडक निघाला. चुकलं की तो "डोकं कुठी हाय तुहं?" म्हणे, आणि ती "तुमच्या काडीखाली" म्हणे. शेजारीपाजारी येऊन बसत. आंब्याला मोहोर येऊन कैऱ्या धरेपर्यंत हे चाललं. एके दिवशी तिनं डोळे न उघडता एकामागून एक सगळी बोटं बरोबर सांगितली, तेव्हा तुळशीरामनं काडी खाली ठेवली आणि धोतराच्या टोकानं तोंड पुसलं.

दुखणं जागेवर बसलं आणि त्याच्या मागोमाग ऊब आली. दोन्ही एकाच तंतूंतून येतात हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं. दोरीवरचं लुगडं काढताना पंचफुलाला ते गरम लागलं. ती थबकली. मग तिनं भिंतीला हात लावला. उन्हातली भिंत ऊन होती, आणि कोपरा वळल्यावर तीच भिंत गार. माठ गार. माठाचं पाणी त्याहून गार. मांजर गरम, आणि पोटाशी तर जास्तच. दुपारभर ती अंगणात हात लावत हिंडली. हे सगळं इथंच होतं, ती रोज त्याच्यामधून चालत होती, आणि आपण कशातून चालतोय हे तिला माहीत नव्हतं. शेवटी ती पायरीवर बसली, तर पायरीही तिच्या हाताला गरम लागली.

तुळशीराम नर्सरीतून आला तेव्हा तिनं त्याच्या गालावर तळहात ठेवला.

"अवो," ती म्हणाली, "तुमी गरम हा!"

"मंग? मेलो वाटलो का काय तुले?" तो म्हणाला. पण तिनं हात काढला नाही, आणि त्यानंही मान हलवली नाही.

पावसाळ्यापूर्वी रोपं लावायची घाई असते. तुळशीराम दिवसभर पायांवर असे. अशाच एका संध्याकाळी त्याचा उजवा पाय मांडीवर घेऊन पंचफुला तेल लावत होती. तळवा तिनं उजेडात धरून पाहिला. चीर नाही, फोड नाही, लालीसुद्धा नाही. मग तेलाचा हात फिरवताना तळव्याच्या आतल्या कमानीपाशी ती अडखळली. बोराएवढ्या जागेत ऊन लागत होतं. तिनं दुसरा पाय घेतला. तिथं सगळं गार.

"इथं गरम हाय," ती म्हणाली.

तुळशीरामनं पाय वळवून, डोळे बारीक करून पाहिलं. "काई दिसून तं नाही रायलं."

"दिसत नाही. लागते."

"तुही कळ पुन्हा घर चुकली असन," तो हसला. "उद्या हजार रोपं लावाची हाय. लाव तेल."

पंचफुलाला क्षणभर शंका आली. सगळं आयुष्य या दोघांनी डोळ्यांवर काढलं होतं. डोळ्यांना दिसलं तेच खरं, आणि तिच्या हातांनी तर तिला एकदा चांगलंच फसवलं होतं. तिनं डोळे मिटले. "पाय अदलाबदल करा," ती म्हणाली, "अन् सांगू नोका." त्यानं केली. तिनं बोटांच्या पाठी टेकवल्या आणि उजवा पाय ओळखला. त्यानं पुन्हा केली, एकदा तर फसवायला तोच पाय पुन्हा दिला. उजवा पाय हाती आला की दर वेळी ती त्याच जागी येऊन थांबली. शेवटी शेवटी तुळशीराम हसायचा थांबला.

फोनवर डॉक्टरांनी नेमकी जागा कोणती, हे दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांना उभं राहू देऊ नका. एक पाऊलसुद्धा नाही. आत हाडं चिरडायला लागली आहेत, ही ऊब त्याचीच; वरची कातडी अजून शाबूत आहे इतकंच. चालत राहिले असते तर थोड्याच दिवसांत पाय फुटला असता, आणि मग पाऊल वाचवणं कठीण. मी सकाळी येते, प्लास्टर घालू. वेळेवर धरलंय, पाय नक्की वाचेल." त्यांचा आवाज जरा बदलला. "पंचफुलाबाई, हे आम्ही उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं शोधतो. तुम्ही हातानं शोधलंत."

फोन ठेवला. अंगणात उजेड उरला होता, नर्सरीकडून कुणीतरी तुळशीरामला हाक मारत होतं. सवयीनं तो उठायला गेला. उजवा पाय जमिनीकडे निघाला आणि मध्येच थांबला. त्यानं पायाकडे पाहिलं. तो पाय त्याला नेहमीसारखाच दिसत होता, दणकट, निरोगी, काही न सांगणारा. मग त्यानं बायकोकडे पाहिलं.

"पंचे," त्यानं हळूच विचारलं, "मले दुखून रायलं का वं?"

पंचफुलानं त्या जागेवर तळहात ठेवला. नव्यानं जाग्या झालेल्या तिच्या कातडीला तिथली ऊब बोचत होती.

"हाव," ती म्हणाली. "लय दुखून रायलं तुमाले."

तुळशीरामनं मान हलवली. मग दोन्ही हातांनी तो पाय धरून, कुठं धक्का लागणार नाही असा अगदी जपून, त्यानं परत तिच्या मांडीवर ठेवला.